ठिपके गेले, आजार गेला का?

“मामा, बरा झाला! सगळे ठिपके गेले!”

गिरगावातून माझ्या भाच्याचा फोन होता. आवाजात आनंद नुसता उतू चालला होता. मीही “शाब्बास!” म्हणून मोकळा झालो. पण दोस्तांनो, ती शाबासकी मी फार लवकर दिली, हे पुढच्या आठवड्यात कळलं. कसं ते ऐका.

हा भाचा नववीत आहे. नुकता शाळेत जायला लागला होता तेव्हा मी त्याला चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. तुमच्या आईबाबांना, आजीआजोबांना विचारा. मुंबईत वाढलेले असतील तर त्यांची एक तरी सहल तिथे गेलेली असणारच! मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. विकाजी तारापोरवाला या पारशी गृहस्थांनी त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली, म्हणून त्यांचं नाव. २०१५ साली ते नव्या रूपात उघडलं, आत एक पारदर्शक बोगदाही आला. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत त्याची दारं बंद झाली. पण तिथल्या अंधाऱ्या दालनात, उजळलेल्या काचेला नाक लावून उभा राहिलेला आमचा भाचा काही तिथून बाहेर आलाच नाही! “मला घरी समुद्र पाहिजे,” हे त्याचं टुमणं वर्षानुवर्षं चालू राहिलं.

शेवटी आजोबा विरघळले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीन फुटी फिशटँक आला आणि टीव्ही भिंतीवर चढला. खाऱ्या पाण्याचा टँक सोपा नसतो. बाजारात मिळणारं खास सागरी मीठ मापून घालावं लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते प्रमाण राखावं लागतं. (चौपाटीवरून बादली भरून आणायची नाही बरं का! त्या पाण्यात सांडपाणी असतं आणि नको ते जीवजंतूही.) भाच्याने सगळं नीट केलं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे, म्हणजे क्लाऊनफिश, सुखाने नांदू लागले.

मग एका रविवारी त्याने खाऊच्या पैशांतून एक निळा सर्जन मासा आणला. पिशवी उघडली आणि मासा थेट टँकमध्ये सोडला.

चूक झाली ती इथेच.

दहा ठिपक्यांचं गणित

चार-पाच दिवसांत निळ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. जणू कुणी वरून मीठ भुरभुरलंय. मासा दगडाला अंग घासू लागला. शेजारच्या आजी म्हणाल्या, “अरे, चिमूटभर मीठ टाक, बरा होईल.” आता समुद्रातल्या माशाला मिठाचं काय औषध! कुणी म्हणालं, लसूण खायला घाल. लसूणही घालून झाला. आणि काय आश्चर्य, तीन दिवसांत ठिपके गायब! त्याच दिवशी तो फोन आला होता.

आठवड्याने पुन्हा फोन आला. या वेळी आवाज रडवेला होता. “मामा, परत आले. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिघांच्याही अंगावर.”

लालबागला माझ्या ओळखीचे एक काका आहेत. तीस वर्षं खाऱ्या पाण्यातले मासे पाळतात. त्यांना घेऊन मी गिरगाव गाठलं. काकांनी औषध काढलं नाही, की टँकमध्ये हात घातला नाही. पिशवीतून एक भिंग आणि एक विजेरी काढली. खुर्ची ओढली आणि पंधरा मिनिटं नुसते बघत बसले. मग म्हणाले, “आधी पाणी तपासू.”

“पाणी? पण आजारी तर मासे आहेत,” भाचा म्हणाला.

“सगळे मासे एकदम धापा टाकायला लागले, तर कधीकधी दोष पाण्याचा असतो. पाण्यात अमोनिया साठला की मासा गुदमरतो. तसं असेल तर औषधाने आणखी बिघडेल.”

पाणी ठीक निघालं. तेव्हा काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. “आता या चोराची दिनचर्या सांगतो.”

दोस्तांनो, आंब्याच्या झाडावरचं बांडगूळ तुम्ही पाहिलं असेल. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या अशा जीवाला परजीवी म्हणतात. भाच्याच्या माशांना छळणारा परजीवी एका पेशीचा आहे. त्याचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे ‘लपलेलं केंद्रक’ आणि इरिटन्स म्हणजे त्रास देणारा. जपानमध्ये १९३७ साली याचं वर्णन झालं होतं. पण हे नाव मिळालं १९५१ साली. म्हणजे चर्नी रोडला मत्स्यालय उघडलं, त्याच वर्षी!

या पठ्ठ्याच्या आयुष्याचे चार मुक्काम असतात.

पहिला मुक्काम माशाच्या अंगात. कातडीच्या आत शिरून तो ३ ते ७ दिवस खातो आणि फुगतो. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका हाच. दुसऱ्या मुक्कामात पोट भरलं की तो मासा सोडून तळाशी उतरतो आणि काही तास वाळूत सरपटत जागा शोधतो. तिसऱ्या मुक्कामात तो खड्याला, वाळूला, काचेला चिकटून स्वतःभोवती टणक कोष बांधतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार असं विभाजन सुरू होतं. याला ३ ते २८ दिवस लागतात. काही कोष ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. आणि चौथ्या मुक्कामात कोष फुटून पिल्लं बाहेर पडतात आणि पोहत पोहत मासा शोधू लागतात. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

“म्हणजे ठिपके गेले तेव्हा…” भाच्याचे डोळे विस्फारले.

“तेव्हा तो बरा झाला नव्हता. चोर जेवून खाली झोपायला गेले होते. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात. तुझ्या माशावर दहा ठिपके होते असं धरू. कर गुणाकार.”

“दोन हजार!”

“आणि लसणाला फुकटचं श्रेय मिळालं.”

आपली फसगत होते ती नेमकी इथे. कुठलंही औषध घाला, पाणी फुंका, नाहीतर काहीच करू नका, पहिले ठिपके जाणारच. ज्याने जे केलं असेल, त्याला वाटतं आपल्याच उपायाने गुण आला!

समुद्रात हे मासे का मरत नाहीत?

हाच परजीवी समुद्रातही असतो. मग तिथले मासे पटापट मरत का नाहीत? कारण समुद्र अफाट आहे. कोषातून निघालेल्या दोनशे पिल्लांपैकी एखाद्या-दोघांनाच मासा सापडतो. भाच्याच्या टँकमध्ये पाणी दोनशे लिटर. मासा रात्री झोपतो तो त्याच दगडामागे, कोषाच्या शेजारी! पिल्लांना शोधायचे कष्टच नाहीत.

गर्दी झाली की रोग फावतो, हे आपल्या मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. १८९६ साली इथे प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत माणसं भराभर दगावू लागली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण रोग पसरतो कसा, हे कोडं होतंच. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की उंदरांच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते. म्हणजे रोग्याकडे पाहून भागत नाही, रोग्याच्या बाहेर रोगाचं घर कुठे आहे ते शोधावं लागतं. त्याच १८९८ साली शहरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते आणि हवेशीर वस्त्या या त्याच्याच योजनेतल्या.

उंदीर, पिसू आणि माणूस, तसेच वाळू, कोष आणि मासा. आलं लक्षात? माशाच्या अंगावरचा ठिपका हा रोगाचा एक मुक्काम झाला. त्याचं खरं घर तळाशी आहे.

तुम्ही व्हा डिटेक्टिव्ह!

पण प्रत्येक पांढरा ठिपका याच चोराचा नसतो. काकांनी भाच्याला ओळखायच्या खुणा सांगितल्या. त्या तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

मिठाच्या दाण्यांसारखे, सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके आणि अंग घासणं, ही आपण पाहिलेल्या क्रिप्टोकॅरिऑनची खूण.

ठिपके फारच बारीक, पिठूळ, सोनेरी धूळ बसल्यासारखे असतील, मासा भराभर श्वास घेत असेल, उजेड टाळत असेल आणि पंपाच्या धारेत तोंड धरून राहत असेल, तर धोका मोठा. हा अमायलोऊडिनियम, याला हौशी लोक ‘व्हेल्वेट’ म्हणतात. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे ठिपके दिसायच्या आतच मासा जाऊ शकतो. कधीकधी रात्री समुद्राच्या लाटा निळ्या चमकतात ना? ती चमक ज्या सूक्ष्म जीवांची, त्यांच्याच गोतावळ्यातला हा एक. विजेरी तिरकी धरली तर ती धूळ दिसते.

डोळे धुरकट झालेत, मासा अंग घासतोय, पण ठिपका एकही नाही? मग फ्लूक नावाचे चपटे कृमी असू शकतात. ते काचेसारखे पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. जाणकार माणसं अशा माशाला तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात मोजून चार-पाच मिनिटं ठेवतात. फ्लूक पांढरे पडून तळाशी गळतात. चोर रंगेहाथ सापडतो! (हे तुम्ही एकट्याने करायचं नाही. गोड्या पाण्यातला क्लोरीन काढलेला असावा लागतो आणि मासा क्षणभरही नजरेआड करायचा नसतो.)

आणि फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ पर्‍यावर आली, ती आठवडेच्या आठवडे हलली नाही, तर तो बहुधा परजीवी नव्हेच. लिम्फोसिस्टिस नावाच्या विषाणूची ती गाठ. चांगलं पाणी, चांगलं खाणं मिळालं की बरेचदा ती आपोआप जाते. तिथे जालीम औषध घातलं तर आजारापेक्षा औषधच भारी पडायचं.

बघा, लक्षणं सारखी वाटली तरी चार चोर वेगळे आणि चौघांवरचे उपायही वेगळे. म्हणून आधी निदान, मग औषध. तुमच्या डॉक्टरकाकाही आधी जीभ दाखव म्हणतात, मगच गोळी लिहून देतात की नाही?

परजीवी डोळ्यांनी पाहायचाच असेल, तर रविवारी बाजारातून आलेल्या बांगड्याचे कल्ले आईबरोबर नीट तपासा. कधीकधी आत एक पांढुरका, पुष्कळ पायांचा किडा चिकटलेला सापडतो. तो मोठ्या आकाराचा परजीवी. मात्र तो वेगळ्या जातीचा आहे, आपल्या ठिपकेवाल्याशी त्याचं नातं नाही.

तीन दिवसांची शर्यत

आता आपल्या टँकचं काय झालं ते सांगतो. निळा मासा त्याच रात्री गेला. दुसऱ्या दिवशी दोघांपैकी एक विदूषक मासा गेला. भाचा जेवला नाही. ताई मला म्हणाली, “मासेच तर आहेत, दुसरे आणू.” काका शांतपणे म्हणाले, “ताई, ते कुठल्या तरी प्रवाळातून पकडून आणलेले असतात. दुसरे आणण्याआधी पहिले का गेले ते नको का कळायला?”

उरलेल्या एका माशासाठी त्यांनी जी युक्ती केली, ती निव्वळ गणिताची होती. परजीवी मासा सोडून खाली उतरतो आणि कोषातून पिल्लं निघायला कमीत कमी तीन दिवस लागतात. मग तीन दिवस पुरे व्हायच्या आत मासाच तिथून हलवला तर?

साबण कधीही न लागलेले दोन नवे प्लॅस्टिकचे टब आणले. पहिल्या टबात मासा, थोडं ताजं खारं पाणी, हवेचा पंप आणि लपायला पाइपचा एक तुकडा. वाळू नाही, दगड नाही. तिसऱ्या दिवशी मासा दुसऱ्या टबात. तिथलं पाणी तेवढंच खारट, तेवढंच उबदार. पहिला टब धुऊन खडखडीत वाळवायचा, कारण वाळलं की कोष मरतो. सहाव्या दिवशी पुन्हा पहिल्यात, नवव्या दिवशी दुसऱ्यात, बाराव्या दिवशी स्वच्छ छोट्या टँकमध्ये. अंगातले सगळे परजीवी सात दिवसांत उतरतात, आणि दर वेळी त्यांची पिल्लं निघायच्या आत मासा पुढच्या घरी! औषधाचा एक थेंबही लागला नाही.

तांब्याची औषधंही असतात, पण ती फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतात. कातडीत शिरलेल्याला आणि कोषातल्याला ती पोहोचत नाहीत. शिवाय मात्रा थोडी चुकली तर मासा दगावतो आणि कोळंबीसारखे जीव तर मरतातच. म्हणून ते काम जाणत्या मोठ्या माणसांचं, तेही वेगळ्या टँकमध्ये आणि रोज मोजमाप करून.

आणि मोठा टँक? तो चालू ठेवायचा, पण मासा एकही सोडायचा नाही. पिल्लं निघतील, मासा शोधतील आणि उपाशी मरतील. किती दिवस? उशिरा फुटणारे कोष धरून हौशी मंडळी ७६ दिवस थांबतात.

“अडीच महिने रिकामा टँक?” भाचा किंचाळला.

“अडीच महिने,” काका म्हणाले आणि कालनिर्णयवर एका तारखेभोवती लाल गोल काढला.

पाहुण्याला आधी ओसरीवर

मुळात ही वेळ का आली? नवा मासा थेट टँकमध्ये गेला म्हणून. करोनाच्या दिवसांत क्वारंटाईन हा शब्द तुमच्या घरी रोज ऐकला असेल. तो आला इटलीतून. जुन्या काळी व्हेनिस बंदरात प्लेगच्या भीतीने जहाजं ४० दिवस वेगळी ठेवत. तिथल्या भाषेत चाळीस म्हणजे क्वारंता.

माशांनाही हाच नियम. नवा मासा आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवायचा. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी, कारण ओल्या जाळीतूनही परजीवी जातो. दुकानातल्या पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. दगड किंवा कोळंबी आणली तरी थांबायचंच, कारण कोष दगडावर आणि कवचावर बसूनही येऊ शकतो. टँकमध्ये गर्दी नको आणि मासा आपल्या टँकला शोभेल असाच घ्यायचा. सर्जन मासा खूप पोहणारा. त्याला तीन फुटी टँक म्हणजे कोंडवाडाच. कोंडलेला, घाबरलेला मासा लवकर आजारी पडतो.

शक्य तेव्हा माणसाने वाढवलेले मासे घ्यावेत. आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास करून दाखवली आहे. आणि समुद्रघोडे किंवा जिवंत प्रवाळ कुणी विकायला काढले, तर चक्क नकार द्या. २००१ सालापासून कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आणि हो, घरात गोड्या पाण्यातले गप्पी किंवा गोल्डफिश असतील तर तुम्हीही कान द्या! त्यांनाही असेच पांढरे ठिपके येतात. तो परजीवी वेगळा, त्याचे उपायही वेगळे. पण ‘नवा मासा आधी वेगळा’ हा नियम तिथेही तोच.

करून पाहा

एक वही घ्या. रोज एकाच वेळी, खाणं घालायच्या आधी, टँकसमोर पाच मिनिटं शांत बसा. घड्याळ लावून मोजा, मासा मिनिटाला किती वेळा कल्ले उघडझाप करतो. आकडा लिहा. खाल्लं का, कुठे पोहत होता, अंग घासलं का, तेही लिहा. पंधरा दिवसांत तुमच्या माशाचा ‘नेहमीचा’ आकडा तुम्हाला कळेल. एखाद्या दिवशी तो एकदम वाढला, तर ठिपके दिसायच्या आधीच तुम्हाला सुगावा लागेल. या तपासाला पैसा लागत नाही, नेम लागतो.

परवा मी गिरगावात गेलो होतो. मोठ्या टँकमध्ये पंप गुरगुरत होता, दिवा लागला होता आणि आत मासा एकही नव्हता. येणारा-जाणारा विचारत होता, “काय रे, मासे कुठे गेले?” शेजारी छोट्या टँकमध्ये तो एकटा विदूषक मासा पाइपातून तोंड बाहेर काढून बघत होता. अंग लख्ख, एक ठिपका नाही.

“बरा झाला की रे!” मी म्हणालो.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मग कालनिर्णयकडे. लाल गोल अजून एकोणीस दिवस दूर होता.

“ठिपके गेलेत, मामा,” तो म्हणाला. “बरा झाला की नाही, ते एकोणीस दिवसांनी सांगतो.”